डॉक्टर नलगे

सेतुमामा गेल्याचं मला फोनवर कळलं. सांगणारी जुनी शेजारीण गहिवरून म्हणाली, "काय साधे होते हो रायर. स्वतःचं सगळं स्वतःच्या हातानं करायचे." तंजावरात तमिळ शेजारीपाजारी आम्हा मराठी घरांना रायर म्हणतात. मी नुसतं हं म्हटलं आणि फोन ठेवला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बरं, नका बोलू, पण खोटं तरी का बोलावं? सेतुमामा साधे नव्हते. ते कद्रू होते, आणि आपल्या कद्रूपणाला त्यांनी साधेपणाचं धोतर नेसवलं होतं. सगळी वीथी, म्हणजे आमची गल्ली, त्या धोतराच्या पाया पडत होती.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन तंजावरात आले, आमच्या ह्यांचं घर किल्ल्याच्या आतल्या एका वीथीत. शेजारचं घर सेतुमाधवरावांचं, ह्यांचे ते लांबचे मामा. परमुलखात मराठी बोलणारं शेजारघर मिळालं म्हणून मी हरखले होते. पहिल्याच दिवशी मामांनी मला समोर बसवून माझी मराठी तपासली. "तुमची मराठी भ्रष्ट, सुमती. हिंदी शिरलें, इंग्लिश शिरलें. शुद्ध ती आमची. राजांसंगें आली ती तशीच आहे." हे सांगताना मध्येच वळून मामींना त्यांनी कापी, म्हणजे कॉफी, आणायला सांगितली, ती अख्खी तमिळमध्ये. मी हसले. ते त्यांना आवडलं नाही.

त्यांच्या तोंडी एक शब्द होता, जो मी तोवर फक्त अभंगात ऐकला होता. नलगे. नको, लागत नाही, अशा अर्थानं ते तो दिवसभर वापरत. न्हावी नलगे, शिंपी नलगे, गवंडी नलगे. "हात आहेत की." दोन आरसे समोरासमोर ठेवून ते स्वतःचे केस कापत, त्यामुळे मानेवर कायम पायऱ्या असायच्या. मुलाचा दुखरा दात त्यांनी दाराच्या कडीला दोरा बांधून काढला होता आणि ही हकीकत ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत. तो मुलगा पुढे बंगळुरात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला आणि वर्षातून एकदा, तेही सकाळी येऊन संध्याकाळी जायला, घरी येऊ लागला. त्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

आता कुणी म्हणेल, गरिबी असेल बिचाऱ्यांची. गरिबी डोंबलाची. मामा सहकारी बँकेतून चांगल्या पदावरून निवृत्त झाले होते. ओरत्तनाडूच्या बाजूला भाताची जमीन होती. बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं त्या वर्षांत रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला, तेव्हा त्यांनी एक तुकडा विकला आणि रंगीत टीव्ही घेतला, केबल घेतली, फ्रिज घेतला. फ्रिज हॉलमध्ये, आल्यागेल्याला दिसेल असा, वर भरतकामाचा रुमाल. आत काही नसायचं, कारण बटण बंद असायचं. करंट जळतो म्हणून. पाहुणे आले की मामा उठून बटण लावत आणि फ्रिज घुरघुरला की समाधानानं खुर्चीत बसत. दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च आणि जगणाऱ्या वस्तूंवर काटकसर, हा त्यांचा सगळा संसार.

त्याच हिशेबात जिम्मी आला. पांढराशुभ्र पॉमेरेनियन, बंगळुराहून टोपलीतून आणलेला. त्या वर्षांत हे कुत्रं आणि रंगीत टीव्ही एकाच मापाचं वैभव होतं. पहिले काही महिने जिम्मी ओट्यावर, मामांच्या खुर्चीशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर बसवला जायचा. "जातीचा आहे," मामा सांगत.

पण जिम्मी खरा होता तो वेणूमामींचा. वेणूमामी म्हणजे सेतुमामांची बायको. बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. दहा वाक्यं मनात तयार करून एक बोलायची आणि तेही मामा घराबाहेर असले तर. मुलगा फोनवर इंग्लिशमध्ये बोले, सून कानडी, बाजारहाट तमिळमध्ये. मामांशी बोलणं म्हणजे होय आणि बरं. तेव्हा मामींची मराठी त्या कुत्र्याकडे गेली. "ये बा, इकडे ये. भूक लागली तुज? थांब, दहीभात कालवितें." तासन् तास चालायचं. आणि तो कुत्रा कान टवकारून ऐकायचा. वीथीतल्या कुणी तमिळमध्ये हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही, मामींनी मराठीत "बस" म्हटलं की बसायचा. मी एकदा म्हटलं, "मामी, ह्या वीथीत तुमच्या मराठीचा मान राखणारा हा एकटाच." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

आमच्या दोन्ही परसांमध्ये कंबरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडेच मामांचा हातपंप आणि धुण्याचा दगड. त्यामुळे पुढचं सगळं मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं.

तिकडे शनिवारी पुरुषांनी तेल लावून न्हायचं अशी रीत आहे. तिळाचं तेल कोमट करायचं, डोक्यापासून पायांपर्यंत चोपडायचं, थोडं उन्हात बसायचं, मग शिकेकाईनं उतरवायचं. चांगली रीत आहे, माझ्याही घरी पाळत होते. मामांनी ती जिम्मीला लावली. जनावराचा शाम्पू वेगळा मिळतो, कान पुसायला डॉक्टर शिकवतात, असं कुणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "जें माणसास चालतें तें कुत्र्यास चालत नाही काय? तो काय माणसाहून मोठा?" दर शनिवारी जिम्मीला पंपाला बांधायचे आणि तेलात बुडवायचे. कानात तेल, नाकपुडीवर तेल. मग शिकेकाई. ती डोळ्यांत गेली की जिम्मी असा काही केकाटायचा की माझ्या हातातली पळी थांबायची. मामा शांतपणे त्याचं मानगूट धरून म्हणत, "हलूं नको, झालेंच की." दर वेळी हेच. कधीच झालेलं नसायचं. मग उरलेलं तेल ते स्वतःच्या अंगाला चोळत, कारण टाकायचं कशाला.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पदराचं टोक पिळत राहायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "डोळ्यांस झोंबतें त्याच्या." मामा म्हणाले, "तुज सांगितलें त्यानें?"

नखांची गोष्ट तर मी कुणाला सांगत नसे, कारण ऐकणारा पानसुपारी खायची सोडायचा. मामांकडे पितळी अडकित्ता होता, आजोबांच्या वेळचा, दोन्ही पात्यांवर मोर. जेवण झालं की ओट्यावर बसून त्यानं ते सुपारी कातरत. एका दुपारी मी वाटीभर कढी द्यायला गेले, तर जिम्मी त्यांच्या मांडीखाली दाबलेला आणि अडकित्त्यात त्याचा पंजा. कुत्र्याच्या नखात आत रक्ताची शीर असते, किती कापायचं ते ठाऊक असावं लागतं. मामांना सुपारी कापायची ठाऊक होती. कच्चकन आवाज आला, जिम्मीनं हंबरडा फोडला आणि ओट्यावर रक्ताचे थेंब. मामांनी हळद आणि पानाचा चुना एकत्र करून पंज्यावर थापला. लाल झालं ते बघून म्हणाले, "बघ, कुंकू झालें. शुभच की." मग अडकित्ता धोतराला पुसला, एक सुपारी कातरली आणि माझ्यापुढे धरली.

"मामा, मेलं तरी खायची नाही मी ही," मी म्हटलं.

"तुम्हां सांगलीवाल्यांस सोवळें फार," ते म्हणाले आणि स्वतः खाल्ली.

त्या काळात नव्या बसस्टँडच्या रस्त्यावर एका तरुण डॉक्टरांनी जनावरांचा दवाखाना उघडला होता. मुलगा हुशार आणि हसतमुख होता, आमच्या गाईसाठी स्कूटरवरून घरी यायचा. एकदा भिंतीवरून त्यानं जिम्मीचे लाल कान बघितले आणि तमिळमध्ये म्हणाला, "मामा, तेल घालू नका. आणून दाखवा, मी फी घेत नाही, ह्यांचे शेजारीच तर आहात." ऐकलं का, फी घेत नाही. मला वाटलं आता तरी नेतील. मामा म्हणाले, "नलगे," आणि घरात गेले. सरकारी गुरांचा दवाखाना तर चालत जाण्याइतका जवळ, तिथेही काही द्यावं लागत नव्हतं. त्या दिवशी मला उमगलं की मी त्यांना फुकट कंजूस समजत होते. पैसा वाचवणं हे निमित्त होतं. आपल्या हातापेक्षा दुसऱ्या कुणाच्या हाताला जास्त कळतं, हेच त्या माणसाला सोसत नव्हतं. फुकटचा डॉक्टरही त्यांना महाग पडला असता.

पुढच्या उन्हाळ्यात, अग्निनक्षत्राच्या, म्हणजे तिकडच्या ऐन काहिलीच्या दिवसांत, त्यांना जिम्मीची दया आली. त्यांची दया म्हणजे अंगावर काटा यायची गोष्ट. एवढ्या केसांत उकडत असेल म्हणून त्यांनी स्वतःच्या दाढीचा वस्तरा काढला आणि जिम्मीचं मुंडन केलं. पॉमेरेनियनचे केस दुपदरी असतात, ऊन अडवतात, मुळापासून काढले तर धड परत येत नाहीत, हे मला त्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मामा अर्ध्यात दमले. त्यामुळे डोक्यावर एक झुबका आणि शेपटीला एक गोंडा राहिला, बाकी सगळं गुलाबी, जागोजागी कापलेलं. शेजारची पोरं शेंडीवाला कुत्रा बघायला रांगा लावून आली. हसली. झालं, मामांचं वैभव गेलं. दुसऱ्या दिवसापासून जिम्मी ओट्यावरून हटला आणि परसात पंपाशेजारी बांधला गेला. मामींनी जुन्या रेशमी परकराचं अंगडं शिवून त्याला घातलं. जरीकाठी अंगडं घातलेला तो टकला जीव मामींच्या पायाशी बसून मराठी ऐकत असायचा.

केस आले ते झुपक्याझुपक्यांनी. कातडी तशीच उघडी, चरबरीत. पाऊस सुरू झाला आणि गोचिडांनी त्याला धरलं. मान, कान, पोट, सगळीकडे. रात्रंदिवस खाजवून त्यानं जखमा करून घेतल्या. मामी प्रथमच माझ्यासमोर मामांशी इतकं बोलल्या. "डॉक्टरांस दाखवूं. मी नेतें. तुम्हीं येऊं नका."

"नलगे," मामा म्हणाले. "कापूर आहे की घरांत."

कापूर. देवापुढे जाळायचा. खोबरेल तेलात कापूर कढवून माणसं सांध्यांना लावतात, आमच्याकडेही बाटली असायची. मामांनी वाटीभर तेलात मूठभर वड्या विरघळवल्या आणि दुपारी पंपाशी बसून जिम्मीच्या सगळ्या अंगाला, त्या उघड्या जखमांना, चोपडून चोपडून लावलं. वास माझ्या माजघरापर्यंत आला. "हलूं नको, झालेंच की." आग होत असणार, तो ओरडला, आणि मोकळा सुटताच जे कुणीही कुत्रं करेल तेच त्यानं केलं. बसून सगळं अंग चाटून काढलं. मी भिंतीवरून म्हटलं, "मामा, तो चाटतोय ते." ते म्हणाले, "चाटूं दे. आंतूनही शुद्ध होईल."

थोड्या वेळानं माझ्या पुढच्या दाराची कडी वाजली. मामी. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि कुशीत जरीच्या अंगड्यात जिम्मी. त्याचे पाय ताठ होऊन झटके देत होते, तोंडाला फेस. "सुमती, तुझ्याकडे फोन आहे ना? डॉक्टरांस सांग, मी येतें म्हणून." मी फोन फिरवला, ऑटो बोलावली. मामा ओट्यावर आले. त्यांच्या हातात लिंबाचा रस होता. "आटो कशाला? लिंबू पाजतों, उतरेल." मामी त्यांच्याकडे न बघता ऑटोत चढल्या. त्या घरातून नवऱ्याला न विचारता बाहेर पडायची त्यांची ती पहिली वेळ असावी. मी शेजारी बसले. सगळा रस्ता त्या त्याच्या कानाशी बोलत होत्या. "आलों बा, आलों. आणिक थोडें."

डॉक्टरांनी टेबलावर घेतलं, सुई भरली. वासावरूनच त्यांना कळलं, तरी त्यांनी विचारलं, काय लावलं? मामींनी सांगितलं. सुई टोचली, हात छातीवर ठेवून उभे राहिले. जिम्मीचे झटके थांबले आणि मग सगळंच थांबलं. डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "कापूर कुत्र्यांना विष असतं, अम्मा. आधी आणला असता तर..." आणि मध्येच थांबले. चांगला मुलगा होता.

परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरला. मामांनी खड्डा खणला, स्वतःच्या हातानं. मग हात धुऊन म्हणाले, "आयुष्य तेवढेंच." अरे, कसलं आयुष्य, त्याला अजून धड तीन वर्षं नव्हती झाली. मला राहवलं नाही. मी भिंतीशी जाऊन सांगितलं, "मामा, आयुष्य नव्हे, तुमचे हात." त्यांनी कुदळ उचलली. मग आत गेले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते उरलेलं कापराचं तेल गुडघ्यांना चोळत होते. टाकायचं कशाला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही थोडंफार नातं उरलं होतं, ते त्या वासानं गेलं.

मामी रडल्याचं कुणी पाहिलं नाही. भांडल्या नाहीत, अबोला धरला नाही. फक्त एक झालं. त्या मामांशी तमिळमध्ये बोलू लागल्या. जेवायला वाढलंय, साबण संपलाय, फोन आलाय, सगळं तमिळमध्ये, वाण्याशी बोलावं तसं. मामांना आधी वाटलं, एकदोन दिवस चालेल. महिने गेले. तंजावरातली सगळ्यात शुद्ध मराठी बोलणारा तो माणूस भिंतीशी येऊन मला म्हणायचा, "सुमती, घरांत मराठी राहिली नाही. ऐकायाला मिळत नाही." मी म्हणायचे, "माझी ऐका, भ्रष्ट आहे पण आहे." ते निघून जायचे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

पुढे आमची बदली त्रिचीला झाली. काही वर्षांनी एका शनिवारी लग्नाच्या निमित्तानं तंजावरला गेले, तेव्हा कळलं की मामांना अर्धांगवायू झालाय. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. भेटून यावं म्हणून गेले. त्यांच्यासाठी नव्हे, मामींसाठी.

हॉलमध्ये खाट टाकलेली, फ्रिजच्या शेजारी. फ्रिज चालू होता, आत औषधं होती. एक डॉक्टर मामांचं ब्लडप्रेशर बघून पेटी आवरत होते. दाराशी मालिश करणारा माणूस वाट बघत उभा. मामी सांगत होत्या, डावी पापणी जरा जास्त फडफडते, त्याच्यासाठी डोळ्यांचे डॉक्टर बोलवावेत का. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. मामी म्हणाल्या, असू दे, बोलवा. मामांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. डॉक्टरांच्या फीसाठी पाकीट उघडलं गेलं तेव्हा ते त्याच्याकडे बघत होते, बंद होईपर्यंत.

डॉक्टर गेल्यावर मामी खाटेच्या कडेला बसल्या आणि मामांचा पाय मांडीवर घेऊन नखं कापू लागल्या, नव्या नेलकटरनं, अगदी हलक्या हातानं. पाय थरथरला. "हलूं नका," त्या म्हणाल्या, "झालेंच की."

मराठीत. मी दचकलेच. "मामी, पुन्हा मराठी सुरू केलीत?"

"होय की." त्यांनी मान वर केली नाही. "जिम्मीसंगें बोलत होतें तशी. उत्तर देत नाही, त्याच्यासंगेंच मज बोलतां येतें." एक नख झालं, त्यांनी पुढचं बोट धरलं. "आणिक डॉक्टर बोलावितें तें ह्याचसाठीं, सुमती. बोलतां येत नाही त्याचें दुखणें घरच्या माणसास कळत नाही. मी पाहिलें आहे."

मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "कोपऱ्यावर डॉक्टर भेटले तर सांग, उद्यांही या म्हणावें."

सेतुमामांचा चांगला हात खाटेच्या लाकडावर आपटला. मग पुन्हा आपटला, जोरात. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. मामींनी तो हात उचलून आपल्या हातात घेतला आणि थोपटला.

"होय, होय," त्या म्हणाल्या. "येतील. उद्यां येतील."